रिकाम्या हातानं गाडीत बसू नये

प्रिय दिव्यानी,

पत्र पाहून घाबरू नको. घरी कोणी मेलं नाई, कोणाले ताप नाई, अन् माझे गुडघे जसे होते तसेच आहेत. फोनवरच बोलली असती, पण तुझा फोन आजकाल दोन शब्दांत संपते. ‘आजी, ड्युटीवर आहे’, नाईतर ‘आजी, नेटवर्क नाई’. अवो, जिथी एवढी वीज तयार होते तिथी नेटवर्क नाई, हे आपल्या बकरीलेही पटणार नाई. अन् इथी मी फोन कानाले लावला का तुझा बाप दारात येऊन उभा राह्यते, तुझी माय चुलीकडून ‘का म्हणते, का म्हणते’ करत बसते. म्हणून हे कागदावर. कागद मधातच कापता येत नाई. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. डोळ्याच्या डॉक्टरकडं आपण निघालो होतो अन् पोचलोच नाई, हे तुले माहीतच आहे.

हलका धान कापून झाला, उशिरा येणारा भारी अजून उभा आहे. नाल्याकडच्या बांधीत डुकरांनी धिंगाणा घातला, तर तुझा बाप दोन दिवस मचाणावर जाऊन बसला अन् तिथीच घोरला. डुकरं त्याच्या घोरण्यानं पळाली असं शेजारची आशाबाई म्हणते. पलीकडच्या पायवाटेवर वाघाचे पंजे दिसले, म्हणून आम्ही बाया आता एकट्यानं सरपणाले जात नाई. तुझ्या मायनं वालाच्या शेंगा वाळवून ठेवल्या. कोणासाठी ते बोलत नाई, पण डबा उतरवून पाह्यते अन् परत ठेवते. मले सांग, तू पोळ्याले आली नाई, दसऱ्याले आली नाई. दिवाळीले आली ते एका रात्रीसाठी, तेही एसटीनं, अन् ताटावर बसून अशी जेवली जशी कोणाच्या तेरवीले आली. तुझ्या बापाले वाटते पोरगी शहरात रमली. तुझ्या मायले वाटते पोरीनं कोणी पाह्यला असन. मले दोन्ही वाटत नाई. मले माहीत आहे, तुझ्या डोस्क्यात ती गाडी बसली आहे अन् उतरून नाई राह्यली.

माघात तू ती घेऊन आली तो दिवस मी इसरली नाई. पांढरीफेक, दारात तोंड पाहावं अशी. तुझा बाप महिनाभर आधीपासून फुगून होता. म्हणे, पोरीच्या जातीले कार कायले, ऊर्जानगरात सारी दुनिया वीज केंद्राच्या बसनं जाते, फटफटीनं जाते, हिचेच पाय सोन्याचे झाले का. मी त्याले म्हणलं, प्रफुल, तुले सायकल घेऊन देल्ली तवा तू पहिल्याच दिवशी ती गोठ्याच्या भिंतीवर आदळली होती, आम्ही तुले काही म्हणलं का? तवा उठून बाहेर गेला. खरी गोष्ट मले माहीत होती. तुझ्या लॅबमधली पाळी सुटते तवा आपल्याकडची शेवटची एसटी निघून गेली असते, अन् तुले दर रविवारी घरी यायचं होतं. एवढ्यासाठी तू ते जोखड गळ्यात घेतलं. घरी कोणी तुले तसं म्हणलं नाई, मीही म्हणलं नाई. आता लिहून टाकलं, तर वाच एकदा अन् सोडून दे, लाजू नको.

तू मले बसवून समजावलं होतं का आजी, गाडी आपली नाई. लीजवर आहे, म्हणजे भाडेपट्ट्यावर. मालक शहरातली कंपनी, आपण महिन्याले भाडं द्याचं, वापराची, मुदत संपली का वापस. मी म्हणलं, म्हणजे सुकलूचे बैल. तू खो खो हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं? रोवण्याच्या टायमाले तुझा आजा सुकलूची जोडी भाड्यानं आणे. एका साली त्यातला तांबडा पहिल्याच दिवशी चिखलात बसला तो उठेचना. शेपटी पिळली, पाठीवर पाणी टाकलं, तुझ्या आज्यानं त्याले बापा म्हणलं, काका म्हणलं, तो आपला डोळे मिटून रवंथ करत बसला. निरोप धाडला तर सुकलू स्वतः दुसरा बैल घेऊन आला, अन् बांधीत उभा राहून शिव्या देल्ल्या त्या तांबड्याले. तुझ्या आज्याले नाई. बसलेल्या बैलाचं भाडं मागाची त्याची हिंमतच नव्हती. मागितलं असतं तर गावात त्याले कोणी पाट टाकून बसवलं नसतं.

अन् मंग ते मार्कंड्याच्या जत्रेचं. तू त्यापायी स्वतःचा जीव खाऊन राह्यलीस म्हणून सगळं सरळ लिहिते. शिवरात्रीच्या जत्रेले जायचं ठरलं, मी पुढं अन् मागं आशाबाई धरून चौघी, लुगड्यावर लुगडं. आपल्यात नवी बैलबंडी असो का नवी गाडी, पहिल्यांदा बसणारी बाई रिकाम्या हातानं बसत नाई. चाकाले कुंकू लावाचं, हाकणाऱ्याच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवाचे, मंग पाय आत. तुझ्या आज्यानं नवी बंडी आणली तवा त्याच्याही हातावर ठेवले होते, तो काही ड्रायव्हर झाला नाई. तर मी दारापाशी उभी राहून ओरडली, पैसे ठेवल्याशिवाय कोणी बसाचं नाई! आशाबाईनं पाचचं नाणं काढलं तर तिलेही सुनावलं, का वो आशे, पोरगी तुले पार नदीपल्याड नेऊन आणते अन् तू तंबाखूच्या खर्ऱ्याचे पैसे काढतेस? मंग दहाची नोट निघाली तिच्या कंबरेतून, अन् निघता निघता मले शिवी निघाली. तू नको नको म्हणत होती अन् हसत होती. तुझ्या काकाचा आदेश समोर मोबाइल धरून शूटिंग करून राह्यला होता, मले वाटलं मार्कंड्याले दाखवाले करते. त्या दीडशहाण्यानं ते इंटरनेटवर टाकलं, अन् वर लिहिलं, दिव्यानी ट्रॅव्हल्स, जत्रा स्पेशल. गावभर लोक हसले. आपणही हसलो. त्या दिवशी गाडी चांगली चालली, आशाबाईले तर झोप लागली.

पण तांबडा बैल तवाच पोटात होता. महिना झाला नसन अन् गाडी झटके खाऊ लागली. गिअर तिचा तीच बदलते, तुले क्लचही दाबा लागत नाई, असं तू मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. मले तवाच शंका आली होती, जी वस्तू आपलं आपण ठरवते ती एखाद दिवशी नाई पण म्हणन. तू वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी काँप्युटर लावला, ठीक आहे म्हणले, तुझी सही घेतली. परत झटके. परत काँप्युटर, परत ठीक, परत सही. अन् तू दरवेळी ‘काम समाधानकारक’ याच्या खाली सही देऊन आली, कारण त्या पोरानं तुले ताई म्हणलं अन् चहा पाजला! अवो माय, आपल्या घरचं हे दुखणंच आहे. कोणी कप हाती देल्ला का आपल्याले नाई म्हणणं जड जाते. तुझा बाप असाच सोयाबीन विकून येते. मंग तू कंपनीले फोन लावला तर कंपनी म्हणे, आमचं काम गाडी द्याचं, दुरुस्तीचं वर्कशॉपले विचारा. वर्कशॉप म्हणे, बनवणाऱ्याले विचारा. बनवणारा म्हणे, बाई, गाडी तुमच्या नावावर कुठी आहे, मालकाले बोलू द्या. फिरून मालकापाशी. अन् भाडं मात्र बराबर पहिल्या तारखेले तुझ्या खात्यातून कापून जाई, त्यात कोणी म्हणे नाई का तुम्ही कोण.

अन् मंग आषाढातला तो दिवस. तू त्याचं नाव काढत नाईस, म्हणून मी काढते. मले डोळे दाखवाले घेऊन निघाली होतीस, कोठारीच्या पुढं जंगलात चढावर आलो, अन् गाडीनं एक झटका घेतला अन् मेली. हॉर्नही नाई, लाइटही नाई. मागं बांबूचा ट्रक. त्यानं असा ब्रेक मारला का बांबूची टोकं मागच्या काचेपर्यंत आली अन् थांबली. ड्रायव्हर उतरून शिव्या द्याले आला, अन् तुझं तोंड पाहून त्यानं शिव्या गिळल्या, पाण्याची बाटली आणून देल्ली. तू रस्त्याच्या कडेले मले धरून उभी होतीस. तू मले धरलं होतं का मी तुले, ते काही समजत नव्हतं. तू एकच म्हणून राह्यली होतीस, आजी, माझ्यापायी तुले काही झालं असतं तर. मी भेली होती, दिव्यानी. वाघाले नाई, त्या बांबूले. पण घरी येऊन पेज प्याली अन् मले स्वच्छ दिसलं, तुझ्यापायी काय झालं? तू हाकत होतीस बराबर. बसला तो बैल. मालकाले तीनदा सांगून झालं होतं का बैल बसते. मंग दोष हाकणारीचा कसा? हे मी तुले तवाच तिथी रस्त्यावर म्हणाले पाह्यजे होतं, पण ते माझ्या डोस्क्यात उशिरा आलं. अन् तोपर्यंत तू ऊर्जानगरले जाऊन गप झालीस.

ती हर्षा तुझी मैत्रीण, वकील झाली ती, ती नसती तर तू तेवढंही केलं नसतं. तिनं तुझी तक्रार लिहिली अन् चंद्रपूरच्या ग्राहक आयोगात टाकली. ती घरी आली होती तवा मले समजावून गेली का आजी, गाडी नावावर असो नाईतर नसो, पैसे मोजून जो वापरते तोही ग्राहकच. बिघडलेली गाडी देऊन भाडं घेत राहाचं, हे कायद्यात बसत नाई. दुरुस्त करून द्या, नाईतर दुसरी द्या, नाईतर पट्टा मोडून पैसे वापस करा. अन् तक्रार कराले मालकाच्या शहरात जायची गरज नाई, आपण राहतो तिथल्याच आयोगात करता येते. मी म्हणलं, म्हणजे ज्यानं कायदा लिहिला त्यानं आपल्या सुकलूले विचारलं असन. हर्षा हसली नाई हो, तिनं मान हलवली. पोरगी शहाणी आहे, तिचं लग्न झालं नसन तर मले सांग.

मंग कुवारात, दसऱ्याच्या सुमारास, कंपनीचं उत्तर आलं. आदेशचं शूटिंग त्यांना सापडलं. त्याचे फोटो काढून लावले, अन् माझं वाक्य टाइप करून खाली रेघ मारली, ‘पैसे ठेवल्याशिवाय कोणी बसाचं नाई’. कंपनी म्हणे, बाईनं करार मोडला, गाडी धंद्याले लावली, जास्तीचे पॅसेंजर कोंबले, म्हणून बिघडली, अन् धंदेवाल्याले ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाई. वरून दंडही मागितला. दहा दहाच्या चार नोटा अन् एक माझी वीसची, एवढ्या धंद्यात त्यांना गिअरबॉक्स खराब झालेला दिसला! तुझा बाप म्हणे, सोडून दे पोरी, मोठ्यांच्या नादी लागू नये. आदेशनं तर घाबरून ते शूटिंगच मिटवून टाकलं, अन् हर्षानं फोनवर त्याले असं झापलं का पोट्टा दोन दिवस धान कापाले सगळ्यांच्या आधी बांधीत हजर होता. खरं तर त्या शूटिंगमध्ये कुंकूही दिसते, आरतीचं ताटही दिसते, तू नोटा वापस देऊन राह्यलीस अन् मी तुझा हात मागं सारून राह्यली, तेही दिसते. कंपनीनं लावले तेवढेच फोटो लावले. आशाबाईच्या पोरापाशी पूर्ण होतं, ते हर्षाले पाठवलं. तवा त्याची काळजी करू नको.

आता मी हे काऊन लिहायले बसली ते सांगते. परवा हर्षाचा फोन आला होता. तू तिच्याकडं धाडलेला कबुलीचा कागद तिनं मले वाचून दाखवला. तिचा राग धरू नको, तिले वाटलं ज्या बाईचं नाव कागदात आहे तिले माहीत असाले पाह्यजे. कंपनीच्या माणसानं तुले म्हणलं का तक्रार मागं घे, डिपॉझिट सोड, चूक कबूल कर, मंग दंड सोडतो. नाईतर तुझ्या आजीले आयोगात उभी करू अन् वकील तिले विचारन. अन् तू सोमवारी सही करणार आहेस. त्या कागदात तू लिहिलं, माझी आजी वृद्ध व निरक्षर असून तिला समज कमी आहे, तिच्या सांगण्यावरून गैरसमजातून पैसे घेतले गेले. मी तिले ते दोनदा वाचाले लावलं. पहिल्यांदा मले राग आला. दुसऱ्यांदा समजलं का तू माझ्यासमोर आडवी झालीस, जशी त्या दिवशी रस्त्यावर मले धरून उभी होतीस. पण पोरी, मले समज कमी नाई. मी तिसरीपर्यंत शाळेत गेली, गुरुजी बदलून गेले म्हणून सुटली. अन् मले वाचवाले तू जे भाडं कधी घेतलं नाई ते घेतलं म्हणून लिहून देशीन, हे मले मेल्यावरही चालणार नाई. म्हणून काल आम्ही पाचही जणी गोंडपिपरीले गेलो. तुझा बाप घेऊन गेला. मी म्हणलं नव्हतं, सकाळी त्यानंच सुकलूच्या पोराचा ऑटो दारात आणून उभा केला अन् म्हणे, बसा. जो घडला तो प्रकार लिहून शपथपत्र केलं. नोटरीवाल्यानं माझ्यापुढं शाईची डबी सरकवली, मी त्याले म्हणलं पेन दे. आशाबाईनं तर पाचचं नाणं पहिले काढलं होतं तेही लिहा म्हणून हट्ट केला, शपथ आहे म्हणे, खोटं चालणार नाई. आदेशनंही लिहून देल्लं का ट्रॅव्हल्स हा त्याचा मजाक होता. तोच हे पत्र अन् सारे कागद घेऊन रविवारी तुझ्या दारात येईन, त्याले जेवाले घाल, लय बोलू नको, त्याले पुरेसं झालं आहे. हर्षा म्हणते, तू सही केली का हे सारे कागद चुलीत घालण्याच्या लायक. नाई केली तर लढता येईन. जिंकशीन का नाई ते तिलेही माहीत नाई, मले कुठून असन. पण सही करू नको. बोलावू दे मले आयोगात, येईन एसटीनं. त्यांचा वकील विचारन, आजी, पैसे ठेवा असं तुम्ही म्हणल्या का? मी सांगीन, हो म्हणलं. अन् पोरगी दुसरी गाडी आणन तवाही दारात उभी राहून म्हणीन, तुम्हीही या बसाले, पण रिकाम्या हातानं येऊ नका.

तुझीच,
अन्नपूर्णा आजी